हलतो तो येत नाही

गच्चीच्या कठड्याला उन्हात टेकवलेल्या, फोटो छापायच्या चौकटीचं मागचं अर्धं झाकण उघडून एर्सिलियानं कागदाचा कोपरा उचलला. छाप कितपत उठलाय एवढंच बघायचं होतं. बंगल्याची कमान उठली होती, ढासळलेला जिना उठला होता, बागेतल्या फुटक्या हौदाचा काठसुद्धा उठला होता. आणि वरच्या मजल्यावर, डावीकडून दुसऱ्या खिडकीत एक माणूस उभा होता. तिला वाटलं, डाग असेल. चांदीच्या पाण्याचा डाग कुठंही पडतो, तिच्या बोटांवर तर तो जन्मखुणेसारखा बसला होता. पण डागाला खांदा नसतो. डागाला हनुवटी नसते, आणि उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून हनुवटी जराशी वर करून उभं राहण्याची अक्कल तर नसतेच नसते. तिनं झाकण बंद केलं. खाली गल्लीत कलिंगडवाला ओरडत होता, ‘लाल नसलं तर माझं नाक कापा!’ त्याच्याशी कुणी बाई घासाघीस करत होती. ऑगस्टच्या उन्हानं फरशी तापली होती आणि एर्सिलिया तिच्यावर तशीच बसून राहिली. आपला भाऊ जिवंत आहे, हे तिला आधी कळलं. तो फोटोत आलाय, हे त्यानंतर कळलं, आणि ते कळल्याबरोबर आधीच्या आनंदाची भीती झाली.

फोटोत माणसं येत नाहीत, हे सेत्तिमियोचं आवडतं वाक्य. सेत्तिमियो तिचा नवरा. परदेशी पाहुण्यांना जुनी देवळं, जुने खांब, जुन्या भिंती कागदावर उतरवून विकायचा. जुनी पडझड विकून खाणं हा रोमचा पिढीजात धंदाच; यंदा फ्रेंचांच्या तोफांनी नवी पडझड आयती करून दिली, आणि सेत्तिमियो आपलं फोटो काढायचं लाकडी खोकं खेचरावर लादून सान पांक्रात्सिओच्या वेशीबाहेर जाऊ लागला. त्याचा कागद मंद. ऊन कितीही कडक असलं तरी एक अख्खी क्रेदो म्हणून होईपर्यंत झाकण उघडं ठेवावं लागे. ती प्रार्थना म्हणायचं काम एर्सिलियाचं. ती मोठ्यानं, एका चालीत म्हणायची, शेवटचं आमेन झालं की ‘सुट्टी!’ असं ओरडायची आणि सेत्तिमियो झाकण लावायचा. तेवढ्या वेळात समोरून गाढव जावो, विधवा जावो, शिपायांची तुकडी जावो, छापात त्यांचा मागमूस नसे. ‘हलतो तो येत नाही,’ सेत्तिमियो गिऱ्हाइकाला सांगायचा, ‘माझ्या फोटोत फक्त खरं टिकतं.’ एकदा ढिगाऱ्यातून वासे ओढणारी अर्धी त्रास्तेव्हेरे वस्ती त्याच्या खोक्यासमोर वावरत होती, शिव्या देत होती, रडत होती. छापात नुसते दगड. तेव्हा एर्सिलियाला हसू आलं होतं. हसण्यासारखं काय होतं त्यात, असं तिला आज वाटलं.

गास्पारे, तिचा भाऊ, भिंतीआड होता. बंगल्यासमोर खोकं लागलं, शहराकडून वर आलेल्या माणसांची चाहूल लागली, तेव्हा तो वरच्या खोलीत असणार. पळाला असता तर आला नसता. चालत खिडकीवरून गेला असता, वाकला असता, नुसती मान हलवत राहिला असता तरी आला नसता. भ्यालेला माणूस श्वास रोखून उभा राहतो, आणि या खोक्याला नेमका तोच सापडतो. असं तिनं स्वतःला समजावलं आणि ते तिला पटलं नाही. कारण तो हात. उजवा हात डाव्या खांद्यावर, हनुवटी वर. भ्यालेला माणूस असा उभा राहत नाही. असा फक्त धाकटा मेंढपाळ उभा राहतो.

त्यांचा बाप चेक्को स्पॅनिश पायऱ्यांवर बसायचा. बायकांनी धुणं वाळत घालावं तशी तो आपली दोन पोरं सकाळी त्या पायऱ्यांवर मांडायचा. एर्सिलियाला लाल घागरा, गास्पारेला मेंढीचं कातडं, आणि परदेशी चित्रकार येऊन बोट दाखवायचे, ही, हा, दोघं. बाप स्वतः मोझेस होता, सेंट जोसेफ होता, थंडीत दाढी वाढली की देवबाप्पासुद्धा होता, आणि घरी आल्यावर दारू पिऊन या तिघांनाही लाज आणायचा. चित्रकाराच्या खोलीत शेगडी त्याच्या बाजूला, गारठा पोरांच्या बाजूला. बाप म्हणायचा, ‘दगड हो.’ मग दगड व्हायचं. नाकाला खाज सुटली, पाय बधिर झाला, पापणीवर माशी बसली, तरी दगड. एर्सिलिया कधी कधी चक्कर येऊन पडायची. गास्पारे कधीच नाही. माशी त्याच्या पापणीवरून चालत डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जायची आणि तो समोरच्या भिंतीवर नजर रोवून उभा, हात खांद्यावर, हनुवटी वर. शेवटी बाप ओरडायचा, ‘सुट्टी!’ आणि दोघं एकदम पोरं व्हायची, एकमेकांना चिमटे काढत जिन्यावरून धावत सुटायची. सेत्तिमियोला वाटतं, ‘सुट्टी’ हा एर्सिलियाचा चाळा आहे. तिनं त्याला बापाचं कधी सांगितलं नाही. नवऱ्याला सगळंच सांगायचं नसतं.

म्हणजे त्यानं तिचा आवाज ओळखला होता. पडक्या भिंतीपलीकडून त्याला क्रेदो ऐकू आली, तिची चाल ऐकू आली, बहुधा खोकंही दिसलं. दगड झालं की येता येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? भित्र्यानं नव्हे, भावानं तिथं उभं राहून निरोप धाडला होता: मी आहे. आणि शेवटी तिनं ‘सुट्टी!’ म्हटल्यावर तो खिडकीतून हलला असेल, हसला असेल, आणि ती समोर उभी असून तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं. जून महिन्यात एकदा तो घरी सदरा बदलायला आला होता, तेवढंच. फ्रेंच शहरात शिरले त्या दिवशी कुणी म्हणालं, शहर राखणारे जे डोंगराकडे निघून गेले त्यांच्यात गास्पारे होता. कुणी म्हणालं, नव्हता. तिनं सान्ता मारियाच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. जिवंतासाठी की मेलेल्यासाठी, हे मेणबत्तीला सांगितलं नाही. मग चौकीच्या भिंतीवर कागद लागला. बंगल्याच्या तटावर तोफ चालवणाऱ्यांची नावं त्यात होती, त्यात त्याचंही होतं, आणि जो लपवील त्याचीही गय नाही असं खाली मोठ्या अक्षरांत होतं. वाड्या-गल्ल्यांतून कुजबुज होती की धरलेल्यांना पुन्हा कुणी पाहत नाही.

दुपारी कॅप्टन येणार होता. कॅप्टन लाक्रुआ, फ्रेंच तोफखान्याचा. हा बंगला त्यानंच पाडला होता, त्याचा फोटो त्यानंच मागितला होता. पाहुण्याला आपली बाग दाखवावी तशा हौसेनं त्याला आपली पडझड दाखवायची होती. एर्सिलियानं चौकट उघडली. छाप पक्का करण्याच्या पाण्यात न घालता, ओढणीखाली धरून, तिनं कबुतरखान्यातल्या तिच्या अंधाऱ्या खोलीत नेला आणि आईच्या प्रार्थनांच्या जाड पुस्तकात ठेवला. कच्चा छाप अंधारात राहतो, उजेडात मरतो. फाडून टाकायला हवा होता. तिला फाडवला नाही, यापलीकडे त्याला कारण नाही.

उरला मूळ कागद, मेण लावलेला, ज्यात सगळं उलटं असतं. पांढरा चेहरा तिथं काळा, काळी खिडकी तिथं पारदर्शक. म्हणूनच तो आधी दिसला नव्हता. शाईचं काम तिच्याकडेच असे. रोमचं आकाश कागदावर नेहमी डागाळलेलं येतं, म्हणून मूळ कागदावर सगळं आकाश ती काळ्या शाईनं रंगवायची. छापात ते स्वच्छ पांढरं उतरायचं. सेत्तिमियो त्याला आकाश धुणं म्हणायचा. आता ब्रश हातात घेऊन ती विचार करत बसली. खिडकी काळी छापायची तर कागदावरून चेहरा खरवडायला हवा, आणि खरवडलं तर कागद फाटतो. शाईनं फक्त पांढरं करता येतं. सेत्तिमियोला सांगावं? सेत्तिमियो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत न्हाव्याला कळलं असतं, रात्रीपर्यंत नदीला. मूळ कागद जाळावा? तर तो उद्याच खोकं घेऊन वर जाईल, आणि गास्पारे पुन्हा दगड होईल. तिनं ब्रश बुडवला आणि खिडकी भरली, छापात आरपार आकाश दिसावं अशी. नुसती खिडकी चौकोनी दिसेल म्हणून तिनं कडा फोडल्या, वरचा दगड उडवला, बाजूला एक तडा ओढला. फ्रेंचांनी जे सोडलं होतं ते तिनं पाडलं. शाई वाळेपर्यंत ती फुंकर घालत राहिली.

कॅप्टन आला तेव्हा खाली बैठकीत पडदे ओढलेले होते. सेत्तिमियोनं नवे छाप टेबलावर पसरले. कॅप्टन उंच होता, सभ्य होता, आणि त्याचं इटालियन पुस्तकातून शिकलेलं होतं.

‘हा गोळा माझा,’ तो जिन्यावर बोट ठेवून म्हणाला. ‘हाही माझा. ह्या कमानीनं एक दिवस खाल्ला. फार हट्टी कमान. हाही माझा.’ बोट वर सरकलं आणि थांबलं. ‘हे माझं नाही.’

‘काय म्हणता, साहेब!’ सेत्तिमियो हसला. ‘सगळं तुमचंच.’

‘हे भोक माझं नाही. ही भिंत शहराकडे तोंड करून आहे. आम्ही दुसरीकडून मारत होतो.’

‘गोळ्याला काय, साहेब, इकडून शिरला, तिकडून निघाला.’

‘भोकातून आकाश दिसतंय, सिन्योर. आकाश दिसायला मागची भिंत पडलेली हवी. ती उभी आहे. मी तिच्या सावलीत जेवलोय.’

सेत्तिमियोच्या कपाळावर घाम आला आणि त्याबरोबर त्याचा अभिमानही जागा झाला. एर्सिलियाला हा अभिमान ओळखीचा होता. गाढवासारखा, मागं ओढावं तर पुढं जायचा. ‘माझा कागद खोटं बोलत नाही,’ तो म्हणाला. ‘सूर्यानं काढलंय ते, मी नाही. आत्ता चला वर, साहेब. उभ्या उभ्या दाखवतो तुम्हाला भोक.’

‘चला,’ कॅप्टन म्हणाला आणि त्यानं टोपी उचलली.

‘शाई माझी आहे,’ एर्सिलिया म्हणाली.

दोघंही वळले. ती पडद्याजवळ उभी होती. आपण किती मोठ्यानं बोललो ते तिला कळलं नाही. सेत्तिमियोच्या तोंडावर जे आलं ते पाहून तिला त्याची दया आली; चारचौघांत त्याची विजार सुटल्यासारखं झालं होतं. ‘तिथं डाग पडला होता,’ ती म्हणाली. ‘चांगला दिसेना. म्हटलं, इतकं पडलंय, त्यात आणखी एक.’

‘माझ्या कागदावर? मला न विचारता?’

‘कसला डाग, सिन्योरा?’ कॅप्टननं मऊ आवाजात विचारलं. टोपी हातातच होती.

‘डागासारखा डाग.’

‘खिडकीत.’

‘खिडकीत.’

‘बघायला आवडेल. शाईच्या आधीचा छाप असेल ना?’

ती नाही म्हणणार होती. पण सेत्तिमियो, जखमी, रागावलेला, स्वतःची अब्रू सावरायला धडपडणारा सेत्तिमियो आधीच म्हणाला, ‘असतोच! पहिला छाप काढल्याशिवाय शाईला हात लावतच नाही ही. जा, घेऊन ये. साहेबांना कळू दे माझा कागद कसा होता ते.’

ती जिना चढली. कबुतरखान्याच्या अंधारात तिनं पुस्तक उघडलं आणि पान बोटांनी चाचपलं. नाही म्हटलं असतं तर शिपाई वर आला असता, पुस्तकं झाडली असती. कॅप्टनची नजर तशीच होती. छाप तर न्यायला हवा, पण चेहरा दिसेल असा नको, आणि कोरा कागदही चालणार नाही. बाहेर गच्चीवर ऊन नुसतं उभं होतं. ती त्यात गेली आणि दोन्ही हातांवर छाप तोंड वर करून धरला.

आता तिनं त्याला नीट पाहिलं. मघाशी भीतीनं पाहिलं नव्हतं. दाढी वाढली होती. एक बाही फाटलेली. हनुवटी वर, डोळे मात्र भिंतीवर रोवलेले नव्हते. ते खाली बघत होते, ती उभी होती तिकडं. खालून सेत्तिमियो ओरडला, ‘मेलीस का तिथं?’ ‘आले!’ ती ओरडली आणि हलली नाही. दगड हो, तिनं स्वतःला सांगितलं. ओठांतल्या ओठांत तिनं क्रेदो सुरू केली. आधी आकाश तांबूस झालं. मग बंगल्याची भिंत. तिचा चेहरा छापावर सावली पाडत होता म्हणून तिनं मान मागं घेतली, बघायचं तर होतं पण ऊनही अडवायचं नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कागदावर पडू नये म्हणून तिनं नाक वर ओढलं. फाटकी बाही गेली. हात आणि खांदा एक झाला. चेहरा सगळ्यात शेवटी गेला, कारण तोच सगळ्यात पांढरा होता. शेवटी एक फिकट ठिपका राहिला आणि तीही त्याला गास्पारे म्हणू शकली नसती. जिवंत भावाला आपल्या हातानं माती देतोय असं तिला वाटलं. आमेन झालं. ‘सुट्टी’ म्हणायला तिचं तोंड उघडलं नाही.

कॅप्टननं कागद खिडकीशी नेला, पडदा सारला, उलटा करून पाहिला. तो तपकिरी-काळा झाला होता, एखाद्या जळक्या भाकरीसारखा.

‘यात काहीच नाही.’

‘पक्का करायचा राहिला,’ ती म्हणाली. ‘ऊन लागलं.’

‘कच्चा?’ सेत्तिमियोनं कपाळावर हात मारला. ‘कच्चा छाप ठेवलास? आठ वर्षं शिकवतोय मी या बाईला! साहेब, दगड शिकला असता आठ वर्षांत! कच्चा छाप घेऊन कुणी उन्हातून येतं? डोकं आहे की भोपळा?’ तो बोलत राहिला, थांबेना. त्याचा संताप इतका खरा होता, की कॅप्टनच्या डोळ्यांतला संशय हळूहळू कंटाळ्यात बदलला. नवऱ्याच्या शिव्या इतक्या गोड तिला आयुष्यात कधी लागल्या नव्हत्या.

‘असो,’ कॅप्टन म्हणाला. ‘उद्या सकाळी पुन्हा काढा. शाईशिवाय. मी स्वतः येतो, आणि त्या खिडकीत माझे दोन शिपाई उभे करतो. माणूस उभा असला की इमारत केवढी ते कळतं.’

त्या संध्याकाळी वेशी बंद झाल्या आणि एर्सिलियाला बाहेर पडून गास्पारेला सावध करायला वाट नव्हती. सकाळी खेचरामागून चढण चढताना तिचं डोकं रिकामं होतं. सेत्तिमियो रुसलेला, तिच्याशी न बोलता खेचराशी बोलत होता. बंगल्यापुढं तो नेहमीच्या जागी थांबला, तिवई रोवली, खोकं चढवलं आणि काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. कॅप्टननं हात केला. दोन शिपाई, एक लठ्ठ आणि एक अगदी कोवळा, गप्पा मारत जिन्याच्या ढिगाऱ्याकडे निघाले. खिडकी काळी होती. तिथं कुणी उभं नव्हतं, किंवा अजून उभं नव्हतं. खोकं लागलेलं त्यानं पाहिलं असणार. क्रेदोची पहिली ओळ ऐकली की तो खिडकीत येईल, हात खांद्यावर ठेवील, आणि शिपाई त्याच्या पाठीमागच्या दारातून आत शिरतील.

‘सुट्टी!’ एर्सिलिया ओरडली.

बापासारखी ओरडली. आवाज बंगल्याच्या कमानीत जाऊन परत आला. शिपाई थबकले. फडक्याखालून सेत्तिमियोचं लाल तोंड बाहेर आलं. ‘अगं बये, अजून झाकण काढलं नाही! क्रेदो कुठाय तुझी?’

‘चुकले.’

‘चुकली म्हणे! कालपासून चुकायचं व्रतच घेतलंय हिनं!’

कॅप्टन हसला. शिपाईही हसले आणि आत गेले. ती ऐकत राहिली. आत बूट वाजले, दगड गडगडला, कुणीतरी काही बोललं. ओरडणं आलं नाही. मग खिडकीत दोन चेहरे दिसले आणि लठ्ठानं हात बाहेर काढून काहीतरी दाखवलं. लालभडक होतं ते. क्षणभर तिला वाटलं, रक्त. ‘कलिंगड, मों कापितेन!’ तो ओरडला. ‘अर्धं राहिलंय! अजून गार आहे!’

कॅप्टनची मान वळली. तो खिडकीकडे पाहत राहिला, मग मागच्या द्राक्षमळ्याच्या उताराकडे. तिथं झुडपं होती, ऊन होतं, आणि हलणारं काही असलंच तर ते इतक्या लांबून दिसत नव्हतं. ‘पोरंटोरं,’ तो अखेर म्हणाला. ‘रोमची पोरं चोरतात आणि आमच्या भोकांत बसून खातात. टाकून दे ते. सरळ उभे राहा.’

झाकण निघालं. एर्सिलियानं क्रेदो म्हटली. इतकी सावकाश तिनं ती कधी म्हटली नव्हती. एकेका शब्दावर ती थांबत होती, म्हणजे उतारावरून नदीपर्यंत जायला तेवढाच वेळ. खिडकीत माश्या होत्या, कलिंगडावर आलेल्या. लठ्ठ मान झटकत होता, कोवळा हसू दाबत होता, कोपर मारत होता. त्यांना कुणी दगड व्हायला शिकवलं नव्हतं. आमेन झालं आणि सेत्तिमियोनं झाकण लावलं.

दुपारी गच्चीवर तिनं चौकटीचं झाकण उघडलं तेव्हा कॅप्टन आणि सेत्तिमियो दोघंही तिच्या खांद्यावरून बघत होते. कमान उठली होती, जिना, हौदाचा काठ. डावीकडून दुसरी खिडकी काळीकुळकुळीत होती.

‘माझी माणसं कुठं आहेत?’ कॅप्टननं विचारलं.

‘हलली, साहेब,’ सेत्तिमियो म्हणाला. काल गेलेली अब्रू त्याला परत मिळाली होती. ‘हलतो तो येत नाही.’

एर्सिलियानं छाप उचलून खाली नेला आणि पक्का करण्याच्या पाण्यात सोडला. किती वेळ ठेवायचा ते तिला चांगलं माहीत होतं. तिनं दुप्पट ठेवला.